टाकीचं वजन स्क्रूवर टांगू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत फिश टँकचा स्टँड आणि टाकीवरची कॅनोपी, म्हणजे दिवा बसवायचं लाकडी झाकण, घरी कशी बनवावी, यावर सचित्र लेख आला होता. लेख उत्साहाने लिहिलेला आहे. सुतारकाम घरच्या माणसालाही जमतं हे कुणीतरी छापून सांगितलं, याचा मला आनंदच झाला. पण दुसऱ्या आकृतीवर माझी नजर अडली ती अडलीच. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, त्यामुळे आकृती दिसली की हात आपोआप पट्टीकडे जातो. त्या आकृतीत वरची चौकट चार पायांच्या आतल्या अंगाला स्क्रूने जोडली आहे, आणि त्या चौकटीवर टाकी. म्हणजे पायांची वरची टोकं वजनाखाली येतच नाहीत. सगळा भार आठ स्क्रूंवर लोंबतोय.

नातवाने लेखाचं कात्रण कापून ठेवलं, लाकडाची यादीही केली. "आजी, तू फक्त करवत दे," म्हणाला. करवत दिली नाही, हे पत्र लिहायला बसले.

आधी वजनाचं बघू, कारण लेखात "टाकी जड असते" यापलीकडे काही नाही. लेखातलीच टाकी घेऊ: लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५, उंची ५०, काच १० मिलिमीटरची. वरून पाच सेंटिमीटर सोडून पाणी भरलं तर २४३ लिटर. पाण्याचा हिशेब सोपा, एक लिटर म्हणजे एक किलो. १० मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला २५ किलो भरते. तळ आणि चार भिंती मिळून सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे ५५ किलो. तळाशी पाच सेंटिमीटर वाळूचा थर, तो चाळीसेक किलो; वाळूने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढं वजा करायचं. वर चार दगड, एखादं लाकूड, दिवा. बेरीज ३३० ते ३५० किलोच्या घरात जाते. पाच मोठी माणसं एका बाकावर बसली आहेत आणि ती कधीच उठणार नाहीत, असं समजा. शेवटचं महत्त्वाचं. बाकावर माणसं बसतात आणि उठतात, लाकडाला दम घ्यायला मिळतो. टाकी वर्षानुवर्षं बसलेली असते.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे मी उगीच चुका काढत नाही हे कळेल.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी पहिला स्टँड केला. वडील सुतार होते. त्यांचा रंधा, पटाशी, गुण्या असं सगळं माझ्याकडे आलं, अक्कल सगळी आली नव्हती. टाकी लहान, ९० बाय ३० बाय ४५. स्टँड आपल्या आकृतीत आहे अगदी तसाच: पायांच्या आतून चौकट, प्रत्येक कोपऱ्यात दोन स्क्रू. पॉलिश इतकं सुरेख झालं होतं की येणारा माणूस आधी स्टँड बघायचा, मग मासे. पाच महिने काही झालं नाही. हीच त्यातली वाईट गोष्ट. लगेच कोसळला असता तर रिकाम्या टाकीवर निभावलं असतं.

एका सकाळी पाणी तिरकं दिसलं. उजवीकडे काठापासून दोन बोटं खाली, डावीकडे जेमतेम दीड. पाणी तिरकं होत नसतं, टाकी होते. वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर मागच्या डाव्या पायाला स्क्रूच्या भोकापासून खाली उभी चीर गेली होती, नखाने चाचपता येईल एवढी. स्क्रू मान वाकवून बसला होता. तेव्हाच टाकी रिकामी करायची. पण शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपरांचे गठ्ठे घरी होते, आणि "तात्पुरतं काहीतरी कोंबू" ही यजमानांची सूचना मला पटली. अर्धं पाणी काढलं, वर्तमानपत्राची आठपदरी घडी केली आणि काच व चौकट यांच्यामधे त्या कोपऱ्यात सरकवली. वर्तमानपत्र आपलंच होतं. त्यात आपला काही दोष नाही.

पाणी भरलं, काठाशी समांतर दिसलं, आम्ही खूश.

तिसऱ्या रात्री आवाज झाला. काच फुटली की खळकन आवाज होतो असं आपल्या डोक्यात असतं. तसा झाला नाही. बोट मोडावं तसा एकच 'टक्', आणि मग सळसळ, नळ अर्धवट बंद राहिल्यासारखी. दिवा लावला तेव्हा तळाच्या काचेत, त्या घडीच्या कडेपासून निघून समोरच्या कोपऱ्याकडे, एक चीर सरळ रेषेत गेली होती. भूमितीच्या बाईंच्या घरात कर्ण निघाला होता. शंभराहून जास्त लिटर पाणी कपाटाखाली, पलंगाखाली, पेपरांच्या गठ्ठ्याखाली. मासे बादलीत आणि आम्ही दोघं पहाटेपर्यंत चादरी पिळत. मासे बहुतेक वाचले. पेपर मात्र मुलांना पुन्हा द्यावे लागले, आणि मुख्याध्यापकांना कारण सांगताना मला माझेच विद्यार्थी आठवले.

कुणी म्हणेल, टाकी मोडली ती कागदाने. खरं आहे. काच दाब पुष्कळ सोसते, पीळ आणि वाक सोसत नाही. चार कोपऱ्यांपैकी एक वर किंवा खाली गेला की तळाची काच पिळते, आणि एका जागी उंचवटा आला की त्याच्या कडेवर वाकते. पण कागद कोंबायची वेळ आली ती स्क्रूमुळे. लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने दाबलं तर प्रचंड भार घेतं. हातभर उंचीचा, मनगटाएवढा पाय साडेतीनशे किलोला हसेल. त्याच पायात आडवा स्क्रू मारून त्यावर भार लटकवला की स्क्रू पाचरीसारखं काम करतो, रेषा उकलत खाली सरकतो. आपण ज्या दिशेने लाकूड फोडतो, त्याच दिशेने.

म्हणून नातवाला मी एक युक्ती शिकवली, ती वाचकांनाही सांगते. कागदावर स्टँड काढा. मग खोडरबर घेऊन एकूण एक स्क्रू खोडून टाका. आता वरून बोट फिरवा: टाकी कशावर टेकली आहे? चौकटीवर. चौकट कशावर? पायाच्या डोक्यावर. पाय कशावर? खालच्या चौकटीवर, ती जमिनीवर. बोट कुठेही हवेत राहिलं नाही तर स्टँड बरोबर. स्क्रूचं काम लाकडं जागेवर धरून ठेवायचं, वजन पेलायचं नाही. आपल्या आकृतीत बोट चौकटीशीच थांबतं.

दुरुस्ती फार मोठी नाही. पाय थोडे आखूड कापायचे आणि चौकटीच्या बाजूला लावण्याऐवजी चौकटीखाली उभे करायचे. ते सरकू नयेत म्हणून प्रत्येक कोपऱ्यात आतून दुसरी एक उभी पट्टी लावायची, ती पायाला आणि चौकटीला दोन्हींना चिकटवून स्क्रूने आवळायची. बस. मात्र चारही पाय एकाच उंचीचे हवेत. चारही एकत्र बांधून, टोकं एका रेषेत ठोकून, एकदमच करवतीखाली घ्या. वेगवेगळे मापून कापाल तर एखादा मिलिमीटर कुठेतरी पळतोच.

वरच्या चौकटीच्या फळ्यांबद्दल लेखात चकार शब्द नाही, आणि आकृतीत त्या आडव्या झोपवल्यात. फळी नेहमी उभी, म्हणजे कडेवर लावायची. ३ बाय ९ सेंटिमीटरची फळी झोपवण्याऐवजी उभी केली तर तिचा ताठपणा बरोबर नऊपट होतो. लाकूड तेवढंच, खर्च तेवढाच, फक्त कूस बदलायची. ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो; नऊऐवजी बारा सेंटिमीटरची फळी घेतली तर सव्वादोनपटीहून जास्त ताठ. आणि मध्यभागी एक पाय दिला तर वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. सोळाव्या! वर्गात हे सांगितलं की मुलं आधी हसायची आणि मग वहीत करून बघायची.

पण मधल्या पायाची एक गंमत आहे. दुसऱ्या स्टँडला मी समोर मधे पाय दिला, मोठ्या अभिमानाने. नंतर फिल्टर आत ठेवायला गेले तर तो आत जाईना. पाय आधी लावला आणि फिल्टर नंतर आणला, असा तो क्रम. शेवटी समोरचा मधला पाय काढला, तिथे रुंद फळी घातली, आणि मागचा मधला पाय तसाच ठेवला. तेव्हा आधी फिल्टर, त्याच्या नळ्या, खाली दुसरी टाकी ठेवणार असाल तर तीही, सगळं मापून मगच करवत हातात घ्या. उंचीही बघा. फिल्टर आत मावला म्हणजे झालं असं नाही, त्याचं झाकण उघडून मोटर वर उचलायला हातभर मोकळी जागा लागते.

काटकोनाबद्दल लेखक म्हणतात, "गुण्या लावून खात्री करा." गुण्या वीस-पंचवीस सेंटिमीटरचा, चौकट १२० ची, कोपऱ्यात केसभर चुकलं तर टोकाला बोटभर होतं. कर्ण मोजा. १२० बाय ४५ च्या चौकटीचे दोन्ही कर्ण १२८.२ सेंटिमीटर यायला हवेत. एक जास्त, एक कमी आला तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून हलकेच आवळायचा, दोन्ही सारखे होईपर्यंत, आणि गोंद सुकेपर्यंत तसाच ठेवायचा. आकडा पाठ नसला तरी चालेल, दोन्ही सारखे असले की पुरे.

आणि मागची बाजू उघडी ठेवू नका. चार पायांचा स्टँड वरून खाली कितीही मजबूत असला तरी बाजूने ढकलला तर पत्त्यांच्या घरासारखा तिरपा होतो. मागे प्लायचं पाठ लावलं, नळ्यांपुरती भोकं पाडली, की तो डुलणं थांबतं. प्लाय जमत नसेल तर निदान एक तिरकी पट्टी. रिकाम्या स्टँडला कंबरेने चांगला धक्का देऊन बघा. करकरला तर अजून काम बाकी आहे.

प्लाय आणि रंगाचं थोडक्यात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ नको. पाणी लागलं की पावासारखे फुगतात, आणि टाकीखाली पाणी लागणारच. मरीन प्लाय घ्या, कापलेल्या कडांना रंगाचे दोन हात जास्त द्या, कारण पाणी पृष्ठभागातून नाही, कडेतून शिरतं. स्टँडच्या आतही रंग द्या, जिथे कुणी बघत नाही तिथेच ओल धरते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, गोंद पाण्याला टिकणारा. रंग पूर्ण वाळून वास जाईपर्यंत टाकी जवळ आणू नका.

टाकी ठेवण्याआधी स्टँड जागेवर ठेवून पाणसळ (सपाटी तपासायचं साधन) लावा: लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर. घरातल्या फरश्यांना बहुधा कुठेतरी उतार असतो. पाचर द्यायची असेल तर ती स्टँडच्या खाली, कडक लाकडाची किंवा प्लॅस्टिकची, पायाच्या पूर्ण रुंदीला टेकेल अशी. टाकीखाली कधीही नाही. हे मी किती किंमत देऊन शिकले ते वर लिहिलंच आहे. मग टाकीत दहा सेंटिमीटर पाणी भरा आणि चारही कोपऱ्यांत पट्टी बुडवून उंची मोजा. पाण्याइतकी खरी पाणसळ बाजारात मिळत नाही. फरक आला तर एवढं पाणी काढून टाकणं सोपं असतं. सगळं भरल्यावर कळलं तर माणूस पुन्हा कागदाची घडी शोधायला लागतो.

लेखात "टाकीखाली थर्माकोल घाला" असं सरसकट म्हटलंय. तेही तपासून छापायला हवं होतं. तळाची काच सपाट, उघडी असेल तर थर्माकोल किंवा फोमची शीट जरूर घाला, लाकडाचे बारीक उंचवटे त्यात मुरतात. पण काही टाक्यांना खाली प्लॅस्टिकची चौकट असते आणि तळाची काच त्या चौकटीत थोडी वर, अधांतरी असते. अशा टाकीचं वजन फक्त कडेवर यावं अशीच तिची रचना असते. तिच्याखाली जाड थर्माकोल घातला तर तो मधे वर येऊन काचेला खालून रेटतो. चांगल्या हेतूने केलेली कागदाची घडीच ती.

आता कॅनोपी. स्टँडच्या बाबतीत माणसं कमी करतात, कॅनोपीच्या बाबतीत जास्त. आपल्या छायाचित्रात ती चारही बाजूंनी बंद, जाड प्लायची, वर नक्षीची पट्टी. दिसते देवघरासारखी. पण खाली पाणी, वर दिवा, मधे कोंडलेली हवा; पंधरा दिवसांत आतल्या प्लायवर पाण्याचे थेंब लोंबतील आणि वर्षभरात बिजागऱ्या गंजतील. कॅनोपीची मागची बाजू उघडीच ठेवायची. नळ्या आणि वायरी तिथून जातात आणि गरम हवाही. दिवा प्लायला थेट चिकटवू नये, मधे ॲल्युमिनियमची पट्टी द्यावी. एलईडीची उष्णता पुढून नाही, पाठीतून बाहेर पडते. माझ्याकडे जुन्या संगणकातला १२ व्होल्टचा पंखा एका कडेला बसवला आहे, तो उन्हाळ्यात तासचे तास फिरतो.

वजनाला हलकी हवी, कारण आठवड्याला निदान एकदा ती बाजूला करून पाणी बदलायचं असतं. नऊ मिलिमीटरचा प्लाय पुरतो. आत, खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटर वर, तिन्ही बंद बाजूंनी बारीक रीप मारली की ती काचेच्या काठावर टेकते आणि खालचा भाग काच झाकतो. मापात दोन-तीन मिलिमीटर सैल ठेवा. मी पहिली कॅनोपी अगदी नेमक्या मापाची केली, पावसाळ्यात ती फुगली आणि काढताना टाकीच हलायला लागली. पुढच्या एक तृतीयांश भागाला लांब बिजागरी लावून झाकण करा, खाऊ घालायला तेवढंच उघडावं. पण झाकण उघडल्यावर पडू नये म्हणून साखळी लावा. ओल्या हातावर आपटलेलं झाकण मला अजून आठवतं. आतून पांढरा ऑइलपेंट दिला की दिव्याचा उजेड वाया जात नाही. आणि लाकूड वाळवीविरोधी औषध पाजलेलं नको. त्यात तांबं असू शकतं, वरून थेंब पाण्यात पडतात, आणि कोळंबी, गोगलगाय यांना मारायला थोडं तांबंही पुरतं.

विजेबद्दल लेखात एक ओळ नाही, ती मी घालते. टाकीपासून येणारी प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोक्याच्या तळाशी ठिबकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड स्टँडच्या तळाशी ठेवू नका, आतल्या भिंतीला वर स्क्रूने बसवा. (इथे स्क्रूवर टांगलं तर माझी हरकत नाही.) आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, हवाच.

सोबत सुधारित आकृती जोडली आहे, मापं सेंटिमीटरमध्ये आहेत. ती पुढच्या पुरवणीत छापावी ही विनंती, कारण आधीच्या आकृतीची कात्रणं माझ्या नातवासारख्या किती जणांनी जपून ठेवली असतील कोण जाणे. पत्र लांबलंय, हे मला दिसतंय. जागा कमी पडली तर कॅनोपीचा भाग कापा, स्क्रूचा कापू नका.

नातवाने काल चारही पाय एकत्र बांधून कापले. करवत दिली त्याला. सध्या रंधा मारतोय, आणि दर दहा मिनिटांनी कर्ण मोजायला मला हाक मारतोय.

आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त गणित शिक्षिका)